ही पदवी शिक्षकाचा परवाना नाही: ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’च्या अटी कशा वाचायच्या

शिक्षणक्षेत्रात काहीतरी करायचंय, असं म्हणणारे मराठी तरुण अमेरिकेत बरेच भेटतात. कुणी नाशिकला किंवा कोल्हापूरला बी.एड. करून, तीन-चार वर्षं शाळेत शिकवून, जोडीदाराच्या नोकरीमुळे इथे आलेली असते. कुणी न्यू जर्सीत वाढलेला असतो, दर रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवतो आणि हेच काम पूर्णवेळ करावं असं त्याला वाटायला लागलेलं असतं. दोघंही विद्यापीठांच्या साइट्स चाळायला लागतात आणि दोघांनाही एक नाव सारखं दिसतं: ‘मास्टर्स इन करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’. म्हणजे अभ्यासक्रम आणि अध्यापन. त्याखाली अटींची यादी असते. इतके क्रेडिट्स, इतका जीपीए, दोन-तीन शिफारसपत्रं, एक निबंध, शेवटी प्रकल्प किंवा प्रबंध. वाचून वाटतं, एवढंच ना, जमेल की!

जमतंही. अडचण येते ती यादीत ठळकपणे न लिहिलेल्या गोष्टींची. त्या आधी कळल्या नाहीत, तर दोन वर्षं आणि हजारो डॉलर खर्चून हातात जी पदवी येते, ती आपल्याला हव्या असलेल्या कामाचं दार उघडत नाही. म्हणून या लेखात ही यादी एकेक अट घेऊन वाचूया. प्रत्येक अट कशासाठी आहे, ती तुमच्याकडून काय मागते आणि बदल्यात काय देते, हे पाहूया.

परवाना वेगळा, पदवी वेगळी

सगळ्यात महत्त्वाचं आधी. ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’मध्ये मास्टर्स केलं म्हणून अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये शिकवण्याचा परवाना आपोआप मिळत नाही. काही विद्यापीठांत याच विभागात परवान्याकडे नेणारी स्वतंत्र शाखा असते. पण साधा अभ्यासक्रम बहुतेकदा असं गृहीत धरतो, की तुम्ही आधीच परवानाधारक शिक्षक आहात. म्हणूनच त्याचे तास संध्याकाळी, उन्हाळी सुट्टीत किंवा ऑनलाइन असतात. दिवसभर शाळेत शिकवणारी माणसं डोळ्यांसमोर ठेवून ते वेळापत्रक केलेलं असतं.

आपल्याकडच्या सवयीमुळे इथे गोंधळ होतो. महाराष्ट्रात आधी बी.एड., मग एम.एड., अशी सरळ शिडी आहे. त्यामुळे अमेरिकेतही मास्टर्स म्हणजे त्याच शिडीची वरची पायरी, असं आपण धरून चालतो. इथे मात्र परवाना देतं राज्य. पन्नास राज्यांचे पन्नास नियम. साधारणपणे राज्याने मान्यता दिलेला शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम, खऱ्या वर्गात अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली काही महिने शिकवणं, विषयाची परीक्षा आणि बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी, एवढं लागतं. परीक्षा म्हणून बरीच राज्यं ‘प्रॅक्सिस’ वापरतात. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या परीक्षा आहेत.

मग परवाना असलेले शिक्षक ही पदवी का घेतात? एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. अनेक स्कूल डिस्ट्रिक्ट्सच्या पगारपत्रकात मास्टर्स असलेल्यांसाठी वेगळा, वरचा रकाना असतो. पण हेही सगळीकडे सारखं नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्याने नव्याने मास्टर्स घेणाऱ्या शिक्षकांची ही वाढ बंद करण्याचा निर्णय २०१३ मध्ये घेतला. दुसरं कारण म्हणजे वर्गाबाहेरची कामं: डिस्ट्रिक्टमध्ये अभ्यासक्रम समन्वयक होणं, इतर शिक्षकांना मार्गदर्शन करणारा इन्स्ट्रक्शनल कोच होणं, पाठ्यसाहित्य तयार करणं.

तेव्हा तुम्हाला वर्गातच उभं राहून शिकवायचं असेल, तर जाहिरातीत ‘इनिशियल लायसन्शर’ किंवा ‘सर्टिफिकेशन’ हे शब्द शोधा, किंवा एम.ए.टी., म्हणजे ‘मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंग’, ही पदवी पाहा. भारतातलं बी.एड. असेल तर आधी तुमच्या राज्याच्या शिक्षण विभागाकडून त्याचं मूल्यमापन करून घ्या. कधी कधी दोन-तीन कोर्स आणि परीक्षा एवढंच बाकी असतं, आणि नव्या मास्टर्सची गरजच उरत नाही.

नावातच दोन प्रश्न आहेत

आता मूळ विषयाकडे येऊ. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्यांच्या डोक्यात ‘अभ्यासक्रम’ म्हटलं की बालभारतीचं पुस्तक येतं. ‘पोर्शन संपला का?’ हा आपला प्रश्न. पुण्यातल्या पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना १९६७ची. ते पुस्तक काढतं आणि शाळा ते शिकवते. तो धडा का घेतला, हा का गाळला, हे वर्गात कुणी विचारत नाही.

अमेरिकेत असं एकच केंद्र नाही. केंद्रीय शिक्षण खातं ज्या १९७९च्या कायद्याने जन्माला आलं, त्याच कायद्यात लिहिलंय की शाळांच्या अभ्यासक्रमावर या खात्याने नियंत्रण ठेवायचं नाही. राज्यं मानकं ठरवतात आणि सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट्स आपापलं साहित्य निवडतात. म्हणजे हजारो ठिकाणी कुणालातरी बसून ठरवावं लागतं: काय शिकवायचं आणि कसं? या दोन प्रश्नांवर विद्यापीठांत विभाग उभे राहिले, ते या गरजेतून.

या विषयातल्या जुन्या वादांची तोंडओळख असली की पुढच्या अटी समजायला सोप्या जातात. जॉन ड्युई यांनी १९०२ मध्ये ‘द चाइल्ड अँड द करिक्युलम’ लिहिलं. हे तेच ड्युई, ज्यांच्याकडे डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले. मूल आणि विषय यांना एकमेकांविरुद्ध उभं करू नका, मुलाच्या अनुभवापासून विषयापर्यंत वाट काढा, असं त्यांचं म्हणणं. फ्रँकलिन बॉबिट यांचा १९१८चा ग्रंथ वेगळ्या दिशेने गेला: मोठेपणी माणसं कोणकोणती कामं करतात ते मोजा आणि त्यांची तयारी शाळेत करून घ्या. पुढे १९४९ मध्ये राल्फ टायलर यांनी एका छोट्या पुस्तकात चार प्रश्न मांडले. उद्दिष्टं कोणती? त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे? त्यांची मांडणी कशी करायची? आणि साध्य झालं की नाही, हे कसं ओळखायचं? आजही जगभरचे पाठ-आराखडे या चार प्रश्नांभोवती फिरतात.

मग टीकाकार आले. फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये ‘छुपा अभ्यासक्रम’ दाखवला: रांगेत उभं राहणं, वाट पाहणं, शिक्षकांना खूश ठेवणं. हे पुस्तकात नसतं, तरी मुलं शिकतात. १९७९ मध्ये मायकेल ॲपल यांनी विचारलं की शाळेत शिकवलं जाणारं ज्ञान नेमकं कुणाचं? त्याच वर्षी एलियट आयझनर यांनी ‘न शिकवलेला अभ्यासक्रम’ ही कल्पना मांडली: शाळा जे वगळते, त्याचाही मुलांवर परिणाम होतो. १९९५ मध्ये ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी मुलांच्या घरच्या संस्कृतीला धरून शिकवण्याचा सिद्धान्त मांडला.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटतं? मग रविवारची मराठी शाळा डोळ्यांसमोर आणा. बृहन महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या अशा शाळा उत्तर अमेरिकेतल्या अनेक शहरांत भरतात. वर्गात बसलेली मुलगी घरी आजीशी फोनवर मराठीत बोलते, पण देवनागरी वाचताना अडखळते. तिच्यापुढे पुण्यातल्या पहिलीच्या मुलासाठी लिहिलेलं पुस्तक ठेवलं, तर काय होतं? ते पुस्तक असं धरून चालतं की वाचणाऱ्याच्या आजूबाजूला दुकानांच्या पाट्यांपासून एसटीच्या बोर्डापर्यंत सगळीकडे मराठी आहे. हिच्या आजूबाजूला ती नाही. शिवाय वयाने ती नऊ वर्षांची आहे, त्यामुळे पहिलीचे धडे तिला बाळबोध वाटतात. इथे टायलर यांचे चारही प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागतात. हा खराखुरा करिक्युलमचा प्रश्न आहे. आता या एका प्रश्नाला हाताशी धरून पुढच्या अटी पाहूया.

प्रवेशाच्या अटी

साधारण मागणी अशी असते: बॅचलर्स पदवी, चारपैकी किमान ३.० जीपीए, शिफारसपत्रं, ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ आणि शिक्षण परदेशात झालं असेल तर इंग्रजीची परीक्षा. जीआरईची अट बऱ्याच ठिकाणी आता काढून टाकलेली आहे. पण ती विभागागणिक बदलते, त्यामुळे विचारून घ्या.

भारतातून तीन वर्षांचं बी.ए. किंवा बी.एस्सी. करून आलेल्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. अनेक विद्यापीठांना चार वर्षांच्या पदवीशी समतुल्य शिक्षण लागतं. बी.ए.च्या पुढे बी.एड. किंवा एम.ए. असेल तर बहुतेकदा प्रश्न सुटतो, पण त्यासाठी गुणपत्रकांचं अधिकृत मूल्यमापन लागतं. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवण्यात किती आठवडे जातात, हे ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. घरच्या कुणाला तरी विद्यापीठात खेटे घालावे लागतात. शेवटच्या तारखेच्या निदान तीन-चार महिने आधी सुरुवात करा.

आता निबंध. ‘मला लहानपणापासून शिकवायची आवड होती’ हे वाक्य प्रवेश समितीने असंख्य वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी प्रश्न लिहा. ‘घरी मराठी बोलणारी मुलं वाचनाशी येऊन का अडतात, आणि त्यांच्यासाठीचं साहित्य कसं असावं, हे मला शोधायचंय.’ या एका वाक्यातून समितीला कळतं की तुम्ही काय पाहिलंय, तुम्हाला काय हवंय आणि त्यांच्याकडे त्या विषयात मार्गदर्शन करू शकणारं कुणी आहे का.

तीस ते छत्तीस क्रेडिट्स जातात कुठे?

मास्टर्सला साधारण ३० ते ३६ क्रेडिट्स लागतात. एक कोर्स बहुधा तीन क्रेडिट्सचा, म्हणजे दहा ते बारा कोर्स. सेमिस्टरला नऊ क्रेडिट्स घेतले तर दीड ते दोन वर्षं. जीपीए ३.० च्या खाली जाऊ द्यायचा नसतो, आणि ‘सी’ मिळालेला कोर्स अनेक ठिकाणी पदवीसाठी धरत नाहीत. दुसरीकडे केलेले फार थोडे कोर्स इथे चालतात.

या कोर्सेसचे साधारण चार गट पडतात. पहिला गाभ्याचा: अभ्यासक्रमाचे सिद्धान्त आणि इतिहास, मुलं कशी शिकतात, मूल्यमापन, वर्गातली विविधता. वर सांगितलेली नावं इथे भेटतात. दुसरा संशोधनपद्धतींचा, निदान एक कोर्स. तिसरा तुमच्या खास विषयाचा: वाचन-लेखन, गणित, विज्ञान, द्विभाषिक शिक्षण, शैक्षणिक तंत्रज्ञान. आपल्या रविवारच्या प्रश्नासाठी द्विभाषिक शिक्षण आणि वाचन-लेखन हे दोन गट योग्य. चौथा शेवटच्या कामाचा.

हे शेवटचं काम निवडताना घाई करू नका. पर्याय बहुधा तीन असतात: सर्वसमावेशक परीक्षा, प्रकल्प किंवा पोर्टफोलिओ आणि प्रबंध. तुम्हाला शाळेत किंवा एखाद्या कंपनीत साहित्यनिर्मितीचं काम करायचं असेल, तर प्रकल्प उत्तम, कारण तो दाखवता येतो. उदाहरणार्थ, नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी देवनागरी वाचनाचा बारा आठवड्यांचा आराखडा, त्याचं साहित्य आणि चाचण्या. पुढे पीएच.डी. करायची असेल तर प्रबंध निवडा. संशोधनाचा एक पूर्ण फेरा एकदा केलेला असला की पुढचा अर्जही मजबूत होतो.

प्रबंध म्हटला की आणखी एक अट येते, आणि ती अनेकांना कागदी वाटते: आयआरबी, म्हणजे माणसांवर केलेल्या संशोधनाची नैतिक तपासणी करणारी विद्यापीठाची समिती. तिचं मूळ १९७४च्या कायद्यात आहे. तो कायदा येण्यामागे टस्कीगी इथल्या प्रयोगाचा धक्का होता. तिथे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना खरी माहिती आणि उपचार न देता दशकानुदशकं नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. त्यामुळे मराठी शाळेतल्या मुलांचं वाचन रेकॉर्ड करायचं असेल, तर आधी समितीची परवानगी, मग पालकांची लेखी संमती आणि मुलांनाही समजेल अशा भाषेत विचारणं. ‘ओळखीचेच तर आहेत सगळे, कशाला कागद?’ हे इथे चालत नाही. ओळखीचे असतात तेव्हा तर ‘नाही’ म्हणणं पालकांना जास्त अवघड जातं. परवानगीच्या आधी गोळा केलेली माहिती सहसा वापरता येत नाही, म्हणून वेळापत्रकात या टप्प्याला जागा ठेवा.

पीएच.डी. की एड.डी.?

डॉक्टरेटचे दोन प्रकार दिसतील. पीएच.डी. संशोधक आणि प्राध्यापक घडवण्यासाठी. एड.डी. मुख्यतः शाळेत, डिस्ट्रिक्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी. ते नोकरी सांभाळून करतात आणि प्रबंध आपल्याच कामातल्या एखाद्या अडचणीवर असतो. हा फरक कागदावर स्पष्ट असला तरी प्रत्येक विद्यापीठात तसा पाळला जातोच असं नाही. नावापेक्षा तिथून बाहेर पडलेले लोक आज कुठे काम करतात, ते पाहा.

पीएच.डी.चे टप्पे असे: दोन-तीन वर्षं कोर्सेस, त्यात संख्यात्मक आणि गुणात्मक अशा दोन्ही संशोधनपद्धती, मग पात्रता परीक्षा, मग प्रबंधाचा आराखडा समितीपुढे मांडणं, आयआरबी, माहिती गोळा करणं, लेखन, आणि शेवटी तोंडी बचाव. यात सर्वांत जास्त लोक अडकतात ते कोर्स आणि परीक्षा संपल्यानंतर. तोपर्यंत दर आठवड्याला कुणीतरी काहीतरी मागत असतं. नंतर कुणीच काही मागत नाही. तिथे मार्गदर्शक कसा आहे, यावर सगळं ठरतं. म्हणून प्रवेशाआधी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला. ईमेलला उत्तर यायला किती दिवस लागतात, हा प्रश्न साधा वाटतो, पण विचाराच.

पैशांचंही बघा. पूर्णवेळ पीएच.डी.ला बहुतेकदा असिस्टंटशिप मिळते: आठवड्याला २० तासांपर्यंत काम, त्या बदल्यात फी माफ आणि थोडा पगार. मास्टर्स आणि एड.डी.ला ती क्वचित मिळते.

व्हिसाच्या अटी यादीत नसतात

विद्यापीठाच्या यादीत हा भाग नसतो, पण आपल्यासाठी तो निर्णायक ठरू शकतो.

एफ-१ व्हिसावर असाल तर पूर्णवेळ शिक्षणात एका सेमिस्टरला एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे तीन क्रेडिट्स, मोजता येतात. या विषयातली बरीच मास्टर्स पूर्ण ऑनलाइन आहेत. ती एफ-१ वर करता येत नाहीत.

शिक्षण संपल्यावर ओपीटीवर १२ महिने काम करता येतं. स्टेम विषयांना आणखी २४ महिने मिळतात. ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’ या नावाखालची पदवी स्टेमच्या यादीत नाही. शैक्षणिक तंत्रज्ञान आणि शैक्षणिक मूल्यमापन व संशोधन हे शेजारचे विषय मात्र त्या यादीत आहेत. पदवीचं नाव काय, यापेक्षा आय-२० वर कोणता विषय-संकेतांक छापला जातो, ते महत्त्वाचं. दोन शेजारच्या अभ्यासक्रमांत कधी कधी निम्मे कोर्स सारखेच असतात, पण एका संकेतांकामुळे दोन वर्षांचा फरक पडतो.

एच-४ वर असाल तर शिकायला परवानगी लागत नाही, आणि अनेक राज्यांत स्थानिक रहिवाशाची कमी फीही मिळू शकते. पण असिस्टंटशिप ही नोकरी आहे. कामाचा परवाना नसेल तर ती घेता येत नाही.

अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असाल आणि शिक्षकच व्हायचं असेल, तर ‘टीच ग्रँट’बद्दल विचारा: वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत. अट अशी, की पदवीनंतर आठ वर्षांच्या आत चार वर्षं कमी उत्पन्नाच्या भागातल्या शाळेत गरजेचा विषय शिकवायचा. ती पाळली नाही तर ग्रँटचं कर्ज होतं, तेही व्याजासकट. हे सगळे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना विद्यापीठाच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या.

अर्ज करण्याआधी पाठवायचं एक ईमेल

एवढं वाचून घाबरून जायचं कारण नाही. विभागाच्या समन्वयकाला एक छोटं ईमेल पाठवा आणि पाच गोष्टी विचारा. हा अभ्यासक्रम आमच्या राज्यात पहिल्या परवान्यासाठी पात्र करतो का? प्रवेशासाठी परवाना किंवा शिकवण्याचा अनुभव लागतो का? शेवटचं काम म्हणून कोणते पर्याय आहेत? प्रत्यक्ष वर्गात भरणारे कोर्स किती? आणि आय-२० वर संकेतांक कोणता येईल?

या पाच उत्तरांवरून तुम्हाला कळेल की ही पदवी तुमच्या कामाची आहे की शेजारची. वर्गात शिकवायचं असेल तर परवान्याच्या वाटेने जा. ती वाट कमी प्रतिष्ठेची नाही. पण मुलांच्या हातात येणारं पुस्तक असंच का, ते वेगळं कसं असू शकेल, या प्रश्नाने तुम्हाला पछाडलं असेल, तर या छत्तीस क्रेडिट्समध्ये त्यावर नीट काम करायला वेळ, भाषा आणि माणसं मिळतात. रविवारच्या मराठी शाळांना अशा माणसांची फार गरज आहे.